झाकण लावून काढलेलं पहिलं चित्र

नवा कॅमेरा खोक्यातून बाहेर आला की सगळ्यांना घाई असते ती पडद्यावर काहीतरी दिसण्याची. केबल खुपसायची, सॉफ्टवेअर उघडायचं, 'लाइव्ह' दाबायचं, सेन्सरसमोर हात हलवायचा आणि पडद्यावर करडी सावली हलली की 'चालू झाला' म्हणून मोकळं व्हायचं. घरगुती कॅमेऱ्याला एवढी परीक्षा पुरते. सूक्ष्मदर्शकावर किंवा दुर्बिणीवर बसणारा कॅमेरा मात्र मोजमापासाठी घेतलेला असतो. एका चित्रामागे तो चाळीसेक लाख आकडे पाठवतो आणि त्यातल्या प्रत्येकाने आपल्या चौकोनावर किती प्रकाश पडला हे सांगायचं असतं. चित्र देखणं दिसत असतानाही हे आकडे खोटे असू शकतात. पुष्कळदा असतातही.

म्हणून अशा कॅमेऱ्याचं पहिलं खरं चित्र झाकण लावून काढावं. काळं. जोडणीतल्या निम्म्या चुका त्या काळोखात वाचता येतात. तिथवर पोहोचण्याआधी थोडी हमाली आहे, आणि तिची सुरुवात कागद-पेन्सिलीने होते.

२०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचा सेन्सर घेऊ. प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे एका चित्राचे ८३,८८,६०८ बाइट, सुमारे ८.४ एमबी. सेकंदाला ४० चित्रं हवी असतील तर ३३५ एमबी, १०० हवी असतील तर ८३९ एमबी. हा प्रवाह कुठल्या नळातून जाणार? गिगाबिट ईथरनेटमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११५ ते १२० एमबी जातात, म्हणजे या सेन्सरची जेमतेम १४ चित्रं. यूएसबी ३.० कागदावर ५ गिगाबिट (आठ बिटांचा एक बाइट). त्यातला पाचवा हिस्सा संकेतनातच जातो, उरलेल्यातून बाकीचा व्यवहार वजा केला की ३५० ते ४०० एमबी हाती लागतात. म्हणजे ४० चित्रं बसतात, १०० बसत नाहीत. कॅमेरा लिंक ही खास अशा कॅमेऱ्यांसाठीची जोडणी; तिच्या सर्वांत रुंद प्रकारातून ८५० एमबी जातात, तिथे १०० चित्रं अगदी काठोकाठ मावतात. कोअ‍ॅक्सप्रेस या तसल्याच दुसऱ्या जोडणीची १२.५ गिगाबिटची एक केबल त्याहून सैल. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकावर '१०० फ्रेम प्रति सेकंद' ठळक छापलेलं असतं. ते कुठल्या केबलवर, हे खाली बारीक अक्षरांत असतं. बारीक अक्षरं आधी वाचावीत.

केबलपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात. त्यापुढचा, डिस्कचा, राहून जातो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या आसपास लिहिते. कॅमेरा ३३५ एमबी ओततो आहे. मधला १८५ एमबीचा फरक दर सेकंदाला मेमरीत साचत जातो. सॉफ्टवेअरने त्यासाठी ४ जीबीचं गोल भांडं (बफर) राखून ठेवलं असेल, तर ते साधारण २२व्या सेकंदाला ओसंडतं आणि चित्रं गळायला लागतात. गंमत अशी की चाचणी म्हणून लोक दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करतात. ते दरवेळी निर्दोष येतं. मग खऱ्या प्रयोगाच्या दिवशी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं की 'कॅमेरा मध्येच अडकतो' अशी तक्रार येते, केबल बदलली जाते, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, आणि दोष जिथे आहे तिथे कोणी बघतही नाही. बिघाड दरवेळी त्याच सेकंदाला होत असेल तर तो केबलचा नव्हे, भांड्याचा आहे असं समजावं. वाईट केबलला वेळेचं भान नसतं. ती कधीही दगा देते.

एसएसडी लावली की प्रश्न मिटतो असंही सरसकट नाही. साटा जोडणीची एसएसडी ५०० एमबीच्या आसपास थांबते. एनव्हीएमई ही नव्या जोडणीची एसएसडी त्याच्या कितीतरी पट वेगाने सुरू होते, पण स्वस्त डिस्कमध्ये हा वेग आतल्या छोट्या जलद कप्प्यापुरता असतो. तो भरला की वेग धाडकन खाली येतो. तेव्हा डिस्कची परीक्षा ठरलेल्या कामाइतकीच लांब घ्यावी. पाच मिनिटं नोंदवायचं असेल तर पाच मिनिटं लिहून बघावं. या प्रवाहात पाच मिनिटांचे १०० जीबी होतात, हेही त्या निमित्ताने डोक्यात बसतं. आणि चित्रं साठवायच्या फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावं, नाहीतर प्रत्येक नव्या फाइलमागे तो चौकीदार उभा.

आता केबल. यूएसबीचं भोक म्हणून सगळी भोकं सारखी नसतात. संगणकाच्या पुढच्या बाजूची आतून एका लांब तारेने मदरबोर्डाला जोडलेली असतात, आणि ५ गिगाबिटच्या प्रवाहाला तेवढी तारही जड जाते. कॅमेरा मागच्या, थेट बोर्डावरच्या भोकात लावावा. तिथेही शेजारशेजारची दोन भोकं आतून एकाच कंट्रोलरची असू शकतात. एकात कॅमेरा आणि दुसऱ्यात बाहेरची डिस्क लावून तिच्यावरच चित्रं लिहिली, तर येणारं आणि जाणारं पाणी एकाच नळातून. दोन कॅमेरे असतील तर वेगळं यूएसबी कार्ड घालणं हा शहाणपणाचा खर्च. कार्ड कुठल्या खाचेत जातं तेही बघावं; लांबीने सोळा पदरी दिसणाऱ्या खाचेत प्रत्यक्षात चारच पदर जोडलेले असू शकतात.

साधी तांब्याची यूएसबी ३ केबल तीन मीटरपर्यंत ठेवावी. त्यापुढे सक्रिय किंवा प्रकाशतंतूची केबल लागते. दोन केबली जोडून लांबी वाढवणं म्हणजे दर तासाला एकदा कॅमेरा हरवण्याची सोय. केबलला कॅमेऱ्याच्या बाजूला दोन बारीक स्क्रू असतात, ते शोभेचे नसतात, बोटांनी आवळावेत. आणि केबल कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर टेबलाला बांधून टाकावी, म्हणजे कोणाचा हात लागला तरी ओढ टेबलाला बसते, कॅमेऱ्याला नाही.

कधीकधी कॅमेरा दिसतो, चित्रही येतं, पण फार सावकाश. अशा वेळी जोडणी मुकाट्याने यूएसबी २ वर उतरलेली असते. प्लग पुरता बसलेला नसतो, किंवा मध्ये हब असतं, किंवा केबलच जुन्या जातीची. संगणक याबद्दल चकार शब्द काढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये किंवा कॅमेऱ्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तो वाचायची सवय ठेवावी. वीज वाचवण्यासाठी यूएसबीचं भोक झोपवणारी एक सेटिंग असते, ती बंद करावी. संगणकाचं झोपणं, पडदा मिटल्यावर डिस्क थांबणं आणि रात्री आपणहून अपडेट होऊन पुन्हा सुरू होणं, हेही बंद. आठ तासांच्या नोंदीत पहाटे तीन वाजता झालेलं अपडेट सकाळी कोणालाच आवडत नाही.

विंडोजवर ड्रायव्हर आधी टाकावा, कॅमेरा नंतर लावावा. उलट केलं तर विंडोज त्या अनोळखी पाहुण्याला स्वतःकडचा साधारण ड्रायव्हर नेसवतं, आणि नंतर आलेला खरा ड्रायव्हर जागा रिकामी नाही म्हणून बाहेर उभा राहतो. तसं झालंच, तर डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर फाइलींसकट काढून कॅमेरा पुन्हा लावायचा. ड्रायव्हर टाकल्यावर आधी कंपनीच्याच छोट्या चाचणी-सॉफ्टवेअरमध्ये चित्र येतं का ते बघावं. तिथे आलं आणि आपल्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलं नाही, तर कॅमेरा, केबल आणि ड्रायव्हर तिघंही निर्दोष. शोध पुढच्या खोलीत. एक साधी गोष्ट मात्र हमखास विसरली जाते: एका वेळी एकच सॉफ्टवेअर कॅमेरा धरू शकतं. चाचणीची खिडकी मागे उघडी राहिली असेल तर दुसरं सॉफ्टवेअर 'कॅमेरा सापडला नाही' म्हणतं. कॅमेरा समोर असतो, फक्त त्याचा हात दुसऱ्याच्या हातात असतो.

सूक्ष्मदर्शकाच्या कामात मायक्रो-मॅनेजर हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन व्हेल यांच्या प्रयोगशाळेत २००५ साली त्याची सुरुवात झाली. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे ते चालवतं. प्रत्येकासाठी एक दुभाषी फाइल असते, आणि ती कंपनीच्या मूळ फाइलींशी बोलते. दुभाष्याची आवृत्ती आणि कंपनीच्या फाइलींची आवृत्ती जुळली नाही तर यादीत कॅमेऱ्याचं नावच येत नाही. अशा वेळी सगळं नव्यात नवं करण्याचा मोह होतो. तो आवरावा. जी जोडी जुळलेली म्हणून सांगितलेली आहे तीच घ्यावी, आणि जुळल्यावर तिला हात लावू नये.

लिनक्सवर दोन जागा अडवतात. एक, कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी फक्त मुख्य वापरकर्त्याला असते. त्यासाठी कंपनी देते ती नियमांची फाइल योग्य जागी ठेवावी लागते. दुसरी जागा जास्त मजेशीर: यूएसबीच्या देवघेवीसाठी लिनक्स मुळात १६ एमबी मेमरी ठेवतं. आपल्या हिशेबात त्यात बरोबर दोन चित्रं मावतात. ती मर्यादा १००० करावी, मग श्वास मोकळा होतो. ईथरनेटच्या कॅमेऱ्याला शक्यतो स्वतःचं वेगळं नेटवर्क कार्ड द्यावं, ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सोडू नये. जंबो पाकिटं चालू करावीत: १५०० बाइटच्या पाकिटांनी आपलं एक चित्र साडेपाच हजारांहून जास्त तुकड्यांत येतं, ९००० च्या पाकिटांनी हजाराच्या आत. कॅमेरा यादीत दिसतो पण चित्र काळं किंवा अर्धवट येतं, तेव्हा नव्वद टक्के वेळा फायरवॉल मध्ये उभी असते. नव्वद टक्के हा अंदाज आहे, पण आधी तिथेच बघावं.

विजेचं एक वाक्य आणि मग पुढे. यूएसबी ३.० च्या भोकातून ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे साडेचार वॉट. सेन्सर थंड करायला ते पुरत नाहीत, म्हणून थंड कॅमेऱ्याला वेगळा अडॅप्टर असतो, बहुधा १२ व्होल्टचा. त्याच जाडीची पिन लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरलाही असते आणि ती तितक्याच सहजतेने आत जाते. कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर रंगीत पट्टी गुंडाळून ठेवावी. सुरू करताना कॅमेरा आधी, सॉफ्टवेअर नंतर; बंद करताना उलट. कॅमेरा लिंकची केबल मात्र दोन्हीकडची वीज बंद असतानाच लावावी-काढावी.

सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बहुतेक सी-माउंटने बसतो. एक इंच व्यासाची कडी, इंचाला ३२ आटे, आणि कडीच्या कडेपासून सेन्सरपर्यंत १७.५२६ मिमी अंतर. तिचं भावंड सीएस-माउंट. आटे तेच, अंतर मात्र ५ मिमी कमी. आटे जुळतात म्हणून माणूस पिळत जातो, कडी बसतेही, आणि मग डोळ्याने बघितलेलं आणि कॅमेऱ्याने पाहिलेलं कधीच एका वेळी स्पष्ट होत नाही. ५ मिमीची कडी मध्ये घातली की भांडण मिटतं. उलट जोडी असेल, म्हणजे कॅमेरा सी आणि भिंग सीएस, तर कुठलीही कडी कामाची नाही. अंतर वाढवता येतं, कमी करता येत नाही. आटे तिरके चढू देऊ नयेत. आधी उलट दिशेने हलकं फिरवावं, टक् असा बारीक धक्का जाणवला की सुलट फिरवायला लागावं. हे करताना सूक्ष्मदर्शकाचं तोंड आणि सेन्सर दोन्ही शक्यतो खाली किंवा आडवे असावेत, कारण धूळ वरून पडते.

धूळ तरीही बसते. चित्रात काळसर ठिपके किंवा कडी दिसल्या तर कॅमेरा किंचित सैल करून थोडा फिरवावा. नमुना पडद्यावर फिरेल. ठिपके जागचे हलले नाहीत तर धूळ कॅमेऱ्यावर आहे. नमुन्याबरोबर फिरले तर ती सूक्ष्मदर्शकात कुठेतरी आहे, कॅमेऱ्याला उगाच पुसू नये. ठिपका बारीक आणि रेखीव तर धूळ सेन्सरच्या जवळ, मोठा आणि धूसर तर लांब. काचेवर रबरी फुग्याची हवा मारावी. डब्यातली दाबाची हवा नको. डबा तिरका झाला की आतला द्रव काचेवर उडतो आणि त्याचा डाग धुळीपेक्षा वाईट.

भिंग आणि पिक्सेल यांचंही जमायला हवं. १.४ अंकीय छिद्राचं (एनए, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप) भिंग आणि ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश असेल तर वेगळे ओळखता येणारे दोन ठिपके कमीतकमी सुमारे २२७ नॅनोमीटर अंतरावर हवेत. ते पकडायला त्या अंतरात निदान दोन पिक्सेल पडावे लागतात, म्हणजे पिक्सेल नमुन्यावर ११३ नॅनोमीटरपेक्षा मोठा नको. ६.५ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि ६० पट भिंग: १०८. बसलं. तोच कॅमेरा चित्र निम्मं करणाऱ्या ०.५ पट भिंगाच्या अडॅप्टरवर लावला तर पिक्सेल २१७ नॅनोमीटरचा होतो आणि महागड्या भिंगाने दिलेला तपशील कॅमेऱ्याच्या दारातच सांडतो. दृश्य मात्र मोठं आणि उजळ दिसतं, म्हणून तक्रार कोणी करत नाही.

आता झाकण.

कॅमेरा थंड करायला लावून तापमान स्थिर होईपर्यंत थांबावं. पडद्यावर उणे १५ दिसलं म्हणजे झालं असं नाही, आकडा हलायचा थांबून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. दर ६-७ अंश खाली गेलं की सेन्सरमध्ये उष्णतेने आपोआप जन्मणारे इलेक्ट्रॉन निम्मे होतात. २५ वरून उणे १५ म्हणजे ४० अंश, सुमारे सहा वेळा निम्मे, म्हणजे साठाव्या हिश्श्यापर्यंत. दुर्बिणीवरच्या पाच मिनिटांच्या एक्स्पोजरला (सेन्सर प्रकाश गोळा करतो तो वेळ) हे फार मोलाचं. १० मिलिसेकंदांच्या चित्रांना थंडाव्याने जवळपास काहीच फरक पडत नाही. तिथे तापमान स्थिर असणं जास्त महत्त्वाचं, कारण तापमान सरकलं की काळ्याची पातळी सरकते. शिवाय जितकं थंड, तितकी दव धरायची भीती. चित्राच्या मध्यभागी हळूहळू पसरत जाणारा धूसर गोळा दिसला तर ते काचेवरचं बाष्प आहे. थंडावा दहा अंशांनी कमी करावा. पंख्याचा कंपही लक्षात असू द्यावा. १०० पट भिंगाखाली तो नमुन्याला थरथर आणतो, आणि मग पाण्याने थंड होणारी सोय असेल तर ती वापरायची.

झाकण लावलं, एक्स्पोजर कमीतकमी ठेवलं, चित्र काढलं. पडद्यावर वाळूचं वादळ दिसेल. घाबरायचं नाही, ९७ ते १०३ मधले आकडे सॉफ्टवेअरने ताणून काळ्या-पांढऱ्यात रंगवलेले आहेत. ही आपोआप ताणण्याची सोय फक्त डोळ्यांसाठी असते. आकड्यांवर लक्ष ठेवावं, आणि आकड्यांसाठी वेन रॅस्बँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिहिलेलं इमेजजे पुरेसं आहे: सरासरी, प्रमाण विचलन, किमान, कमाल.

सरासरी शून्य आली तर आनंद मानू नये. काळोखातही आकडा वर-खाली डुलत असतो. तो शून्याखाली जाऊ शकत नाही म्हणून मोजमापाचे बहुतेक कॅमेरे मुद्दाम एक पाया भरतात, पुष्कळदा १०० चा. या पायाला ऑफसेट म्हणतात. किमान आकडा शून्यावर टेकलेला दिसला तर पाया कमी पडतोय, खालची डुल कापली जातेय, आणि मंद प्रकाशाचं प्रत्येक मोजमाप चुकणार आहे. ऑफसेट वाढवावा आणि तो आकडा लिहून ठेवावा. पुढे प्रत्येक हिशेबात तो वजा करायचा आहे.

मग आकड्यांचा आलेख बघावा. तो सलग टेकडीसारखा हवा. कंगव्यासारखे दात दिसले आणि सगळे आकडे १६ च्या पटीत आले, तर कॅमेरा १२ बिटांचा आहे आणि कोणीतरी मध्ये आकडे १६ ने गुणून १६ बिटांच्या डब्यात भरतंय. चुकीचं असं नाही, पण माहीत असायला हवं. याच्या उलट, १२ बिटांचे आकडे न गुणता आले तर कमाल ४०९५. डबा ६५,५३५ चा. साध्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल उघडली की अगदी उजळ चित्रही काळंभोर दिसतं आणि 'कॅमेरा बिघडला' म्हणून हाकाटी होते.

झाकण तसंच ठेवून आता एक्स्पोजर वाढवत न्यावं: १० मिलिसेकंद, १ सेकंद, १० सेकंद. खोलीतला दिवा एकदा लावून, एकदा मालवून. आकडा दिव्याबरोबर हलला तर प्रकाश आत शिरतोय, कदाचित झाकणातूनच. पातळ काळं प्लॅस्टिक डोळ्याला अपारदर्शक असतं, पण सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचं अवरक्त दिसतं आणि काही झाकणांतून ते सर्रास जातं. वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली की खात्री होते. लांब एक्स्पोजरमध्ये काही पिक्सेल चांदण्यांसारखे चमकतील. ते गरम पिक्सेल. प्रत्येक सेन्सरला असतात, त्यांची जागा ठरलेली असते आणि त्याच एक्स्पोजरचं काळं चित्र वजा केलं की ते विझतात. दर चित्रात जागा बदलणाऱ्या आडव्या पट्ट्या मात्र सेन्सरच्या नसतात. त्या बाहेरून येणाऱ्या विजेच्या गडबडीच्या, बहुधा अडॅप्टरच्या किंवा वेगवेगळ्या भिंतीतल्या सॉकेटवर लावलेल्या यंत्रांच्या. कॅमेरा, संगणक आणि दिव्याचा कंट्रोलर एकाच पट्टीवर लावून बघावं.

उभ्या रेषा दिसल्या तर त्यांच्यामागे थोडा इतिहास आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकारच्या चिपची कल्पना मांडली (२००९ चं नोबेल त्यासाठीच). तिच्यात सगळ्या पिक्सेलचा भार हातोहात सरकत एकाच दाराशी येतो आणि एकच मोजणारा सगळ्यांना मोजतो. सीमॉस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा प्रवर्धक (अँप्लिफायर) आणि प्रत्येक स्तंभाला स्वतःचा मोजणारा. हजारो मोजणारे म्हणजे हजारो हलक्या-जड मापांच्या तागड्या. म्हणून सीमॉसच्या काळ्या चित्रात स्तंभांचे पट्टे दिसतात. ते स्थिर असतील तर शंभर काळ्या चित्रांची सरासरी वजा करून जातात.

झाकण काढल्यावर आपोआप चालणारं सगळं बंद करावं: एक्स्पोजर, गेन, रंगसमतोल, धार काढणं, गोंगाट पुसणं. गॅमा १. यातली एकही सोय चालू राहिली तर दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा येत नाही. मग एक परीक्षा घ्यावी, जिने कॅमेऱ्याचा एक आकडा म्हणजे प्रकाशाने सेन्सरमध्ये सुटलेले किती इलेक्ट्रॉन हे कळतं. स्थिर दिव्यासमोर दुधी काच ठेवून एकसारख्या उजेडाची दोन चित्रं लागोपाठ काढायची. समजा दोन्हींची सरासरी १०,१००. पाया १०० वजा जाता १०,०००. आता दोन्ही चित्रं एकमेकांतून वजा करायची, अपूर्णांक आणि ऋण आकडे राहतील अशा ३२ बिटांच्या रूपात. धूळ, कमी-जास्त उजेड, स्तंभांचे पट्टे, जे दोन्हीकडे सारखं होतं ते सगळं गेलं. उरली फक्त प्रकाशाची स्वतःची डुल. तिचं प्रमाण विचलन २०० आलं तर वर्ग ४०,०००, आणि दोन चित्रांची डुल एकत्र आहे म्हणून निम्मे, २०,०००. सरासरीला याने भागलं: ०.५. म्हणजे एका आकड्याला अर्धा इलेक्ट्रॉन.

हे जमतं कारण फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे पडतात. सरासरी ५००० थेंब पडणाऱ्या भांड्यात प्रत्यक्षात कधी ४९३०, कधी ५०६०, आणि या चढउताराचा वर्ग सरासरीइतकाच असतो. निसर्गाने दिलेलं हे वजनमाप फुकट आहे. हीच परीक्षा काळ्या चित्रांच्या जोडीवर केली आणि फरकाचं प्रमाण विचलन ४.२ आलं, तर ते १.४१ ने भागून ३, गुणिले ०.५, म्हणजे दीड इलेक्ट्रॉन हा वाचण्याचा गोंगाट. ईएमव्हीए १२८८ या मानकाने कॅमेरे मोजणाऱ्या कंपन्या याच तत्त्वाने मोजतात. आलेला आकडा माहितीपत्रकाशी ताडून बघावा. जवळपास जुळला तर जोडणीवर विश्वास टाकायला हरकत नाही. दुप्पट-चौपट फरक पडला तर एखादं स्वयंचलित काम अजून चालू आहे, किंवा दिवा लुकलुकतोय.

दिवा लुकलुकणं वारंवार घडतं. ५० हर्ट्झच्या विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवलं तर प्रत्येक चित्राला सारखा उजेड मिळतो; जिथे वीज ६० हर्ट्झची, तिथे ८.३३ च्या पटीत. बरं तर हेच की मोजमापाला एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर (डीसी) विजेवर चालणारा एलईडी वापरावा.

सेन्सर ओळीओळीने उघडत असेल तर आणखी एक हिशेब. दोन्ही अर्धी एका वेळी वाचणाऱ्या २०४८ ओळींच्या सेन्सरमध्ये एका ओळीला १० मायक्रोसेकंद धरले, तर १०२४ ओळींना १० मिलिसेकंद. मधली ओळ आणि काठाची ओळ यांच्यात एवढ्या काळाचं अंतर. हलती वस्तू त्यात वाकडी होते. एक्स्पोजर ३० ठेवलं तर सगळ्या ओळी एकत्र उघड्या असतात ते २० मिलिसेकंद, आणि दिवा तेवढ्याच वेळात लागला पाहिजे. त्यासाठी कॅमेऱ्याला सांगू द्यावं आणि दिव्याला ऐकू द्यावं. कॅमेऱ्याच्या मागची 'सगळ्या ओळी उघड्या' ही तार दिव्याच्या कंट्रोलरला जोडावी. संगणकाला मध्ये घातलं की काही मिलिसेकंदांचा लहरीपणा आलाच. चित्रावर संगणकाने मारलेली वेळसुद्धा ते संगणकात पोहोचल्याची असते, घडल्याची नाही. कॅमेरा स्वतःची वेळ देत असेल तर ती घ्यावी.

उलट दिशेने, बाहेरून येणाऱ्या विजेच्या ठोक्यावर (ट्रिगरवर) कॅमेरा चालवायचा असेल तर व्होल्टेज आधी तपासावं. ३.३ व्होल्टच्या दाराला ५ व्होल्ट सोसतीलच असं नाही, आणि काही दारांना ३.३ ऐकूच येत नाहीत. मग १००० ठोके पाठवून चित्रं मोजावीत. ९९७ आली तर ठोके आधीचं चित्र वाचून संपण्यापूर्वी येतायत आणि कॅमेरा ते गिळतोय. ठोक्यांतलं अंतर वाढवावं. १००३ आली तर तार हवेत लोंबकळते आहे किंवा जमीन नीट जोडलेली नाही, आणि कॅमेरा गोंगाटालाच ठोका समजतोय.

फाइल १६ बिट टिफ. जेपेग नको, कितीही जागा वाचली तरी. जुन्या टिफची हद्द ४ जीबी, म्हणजे आपल्या प्रवाहाची १२ सेकंदं; लांब नोंदीला बिगटिफ किंवा अनेक फाइली. रंगीत कॅमेरा असेल तर रंग जुळवण्याआधीचे कच्चे आकडे ठेवावेत.

शेवटी एक जाड कागद, कॅमेऱ्याजवळच चिकटवलेला. त्यावर केबल कुठल्या भोकात, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, ऑफसेट, एका आकड्याला किती इलेक्ट्रॉन, वाचण्याचा गोंगाट, तापमान, तारीख. महिन्यातून एकदा झाकण लावून तेच काळं चित्र पुन्हा काढून त्याच फोल्डरात ठेवायचं. काही बिघडलं तर कधीपासून ते तिथे दिसतं. आणि झाकण फार हरवतं. त्याला भोक न पाडता, कडेला दोरी चिकटवून ते कॅमेऱ्यालाच बांधून ठेवावं.